चाकणच्या कोटातली बसायची जागा

नऊ वर्षं मी रोज चाकणला जातेय आणि नऊ वर्षांत एकदाही चाकणचा किल्ला पाहिलेला नाही. किल्ल्याशी माझं वैर नाही. पण ज्या गावात आपण ड्यूटी करतो, त्याच गावात सुट्टीच्या दिवशी पुन्हा स्कूटर घालायची, हे कुणाच्या डोक्यात येईल? सुट्टी मिळाली की माणूस लोणावळ्याला जातो, गेला बाजार दुर्गा टेकडीवर जाऊन कणीस खातो. मीही तेच करत आले. यंदा दिवाळीच्या तोंडावर मात्र माझी मंगळवारची हक्काची सुट्टी मी चाकणला घालवली, आणि तीही बाबांना मागं बसवून. हे का करावं लागलं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

आम्ही संत तुकाराम नगरात राहतो. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीच्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती करणारे. आता वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण हात अजून सरळ रेघ मारतो. मी चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सकाळी साडेसहाला गेटवर उभं राहायचं, बायकांच्या पर्स तपासायच्या, ट्रकचे कागद बघायचे आणि 'मॅडम, आजच्या दिवस सोडा ना' हे वाक्य दिवसातून पंचवीसदा ऐकायचं.

आमच्या बिल्डिंगखाली दरवर्षी दिवाळीचा किल्ला होतो. पोरं माती कालवतात आणि मोठी माणसं भांडतात, अशी कामाची वाटणी आहे. आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, आमचा मोठा सण चौदा एप्रिल. पण किल्ल्याच्या बाबतीत असलं कुणी काही विचारत नाही. उलट बाबांनी हत्यारांची पेटी उघडल्याशिवाय बुरूज गोल होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. यंदाच्या मीटिंगमध्ये बाबा म्हणाले, "डोंगरी किल्ले झाले की सगळे. आपल्या दारातला चाकणचा भुईकोट कधी करायचा?" सगळ्यांना पटलं. मग बाबांना जोर आला आणि त्यांनी आमच्या घरातली एकुलती एक ऐतिहासिक गोष्ट सांगून टाकली.

गोष्ट फार मोठी नाही. बाबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. आमचा कुणीतरी पूर्वज चाकणच्या कोटाच्या दारात पहारा करायचा. दाराच्या भिंतीत त्याची बसायची जागा होती. गुडघे पोटाशी घेऊनच बसता येईल एवढी. पाय लांब केले तर झोप लागेल, म्हणून मुद्दाम तशी केलेली. बस, एवढंच. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय. अभ्यास करताना डुलकी लागली की आई म्हणायची, "बस बाई चाकणला जाऊन."

तळमजल्यावर टेंभेकर सर राहतात. इतिहासाचे शिक्षक होते, आता निवृत्त. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळं किल्ल्यावरच्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. ते म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. तो दरवाजा मी स्वतः पाहिलाय. दोन्ही बाजूंनी नीट पाहिलाय. तिथं बसायची जागा, देवडी, काही म्हणजे काही नाही. घरातल्या गोष्टी घरात छान असतात. पाटी लावायची तर पुरावा लागतो."

बाबा म्हणाले, "बरं."

बाबा भांडतात तेव्हा मला काळजी नसते. ते 'बरं' म्हणाले की काळजी. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. संध्याकाळी खाली जाणं बंद. किल्ल्यासाठी कुणी बोलवायला आलं तर म्हणत, "माझे गुडघे दुखतायत, तुम्ही करा तुमच्या पद्धतीनं." आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीतसुद्धा बाबांनी पेटी काढली होती. यंदा ती माळ्यावरच राहिली असती, तर पुढं कधीच खाली आली नसती, असं मला आतून वाटत होतं. म्हणून सोमवारी रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "उद्या आपण चाकणला जातोय. असेल ती जागा तर दिसेल."

"आणि नसली तर?" बाबांनी विचारलं.

मी वरण वाढलं.

आता तुम्हाला जायचं असेल तर पहिली सूचना: सकाळी सातच्या आत निघा. आठनंतर नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत रस्ता कसा असतो ते मी इथं लिहिणार नाही, घरातली लहान मुलंही हा ब्लॉग वाचतात. आम्ही साडेसहाला निघालो. फाटा, भोसरीचा पूल, मोशी. मोशीला गाडीवर पोहे आणि चहा, दोघांचे मिळून शंभराच्या आत. पोहे बरे, चहा फक्कड. बाबांनी मांडीवर पिशवी धरलेली. पिशवीत पाण्याची बाटली, चपाती-शेंगदाण्याची चटणी, मोजायचा टेप आणि त्यांची जुनी स्टीलची पट्टी. ही पट्टी म्हणजे एक गंमतच आहे. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा असतो. वितळलेलं लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून साचा आधीच थोडा मोठा करायचा. मी विचारलं, "टेप घेतलाय ना, मग ही कशाला?"

"सवय," बाबा म्हणाले.

इंद्रायणीचा पूल ओलांडला की माझी रोजची हद्द सुरू होते. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, त्यात घुसलेले दुचाकीवाले. मी सवयीनं कंपनीच्या फाट्याला इंडिकेटर दिलासुद्धा. बाबा मागून म्हणाले, "सुट्टी आहे तुझी." मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून आणखी काहीतरी सांगितलं, ते वेगळं.

चाकणात किल्ला शोधणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. डोंगरावर असता तर मान वर केली की दिसला असता. हा सपाटीवर, घरांच्या आणि दुकानांच्या गर्दीत दडलेला. पहिल्या माणसानं 'नवीन आहे का?' विचारलं. दुसऱ्यानं 'सरळ जा' सांगितलं, पण कुठून सरळ ते सांगितलं नाही. तिसऱ्यानं विचारलं, "व्हेज का नॉनव्हेज?" शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी रस्ता दाखवला आणि वर म्हणाल्या, "किल्ला बघायला आलाय? आज तर मंगळवार हाय." मंगळवारचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग एका वळणावर तो एकदम समोर आला. तिकीट नाही, चढण नाही, गुडघेदुखीवाल्यांनी बिनधास्त यावं. आधी खंदक लागतो. आता त्यात गवत आणि झुडपं, पण खोली बघून अंदाज येतो की पाणी असताना इकडून तिकडं जाणं सोपं नसणार. पलीकडं तट, त्यातले उरलेले बुरूज, आणि दरवाजा. शाळेत जो वेढा तुम्ही परीक्षेपुरता पाठ केलात, तो इथलाच. जवळपास दोन महिने मोजकी माणसं अफाट फौजेला इथं धरून बसली होती, आणि शेवटी सुरुंगानं बुरूज उडवावा लागला. किल्लेदाराचं नाव तुम्हाला माहीत असणार. नसेल तर टेंभेकर सरांना सांगू नका.

आम्ही बाकी काही न बघता थेट दरवाजात गेलो. बाबांची चाल नेहमीपेक्षा जलद होती, मला मागून पळावं लागलं. दरवाजात शिरताना डावीकडं पाहिलं: भिंत. खाली थोडा ढासळलेला दगडांचा ढीग. उजवीकडं पाहिलं: भिंत. पुढं कमानीचा जाड खांब, त्यावर वेलींचा आणि घाणेरीचा गच्च पडदा, आणि पुन्हा भिंत. बाबांनी दोन्ही भिंतींवरून हात फिरवला. एका ठिकाणी टकटक करून पाहिलं. मग पट्टी काढली, ती भिंतीला नुसती लावली आणि परत पिशवीत ठेवली.

"सरांचंच खरं," ते म्हणाले.

"आलोच आहोत तर आत फिरून येऊ," एवढंच म्हटलं. खरं तर मला टेंभेकर सरांचा भयंकर राग आला होता, आणि ते खोटं बोलले नव्हते याचा आणखी राग आला होता.

आत गेल्यावर आम्हाला खंडूबाबा भेटले. पांढरी टोपी, पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज. घर किल्ल्याला लागूनच. जमिनी गेल्या, गाळे आले, मुलगा गाळे सांभाळतो आणि हे रोज सकाळी किल्ल्यात चक्कर मारतात. दाराबाहेरच्या कडेला ताडपत्रीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या त्यांच्याच. बाबांनी त्यांना नमस्कार केला, पण जागेचं काही विचारलं नाही. मीही नाही.

"आमी लहान हुतो तवा हितं समदं रान हुतं," खंडूबाबा म्हणाले. "लपाछपी खेळायला लय झकास. आता मोबाइलवर खेळत्यात. लपायची गरजच न्हाई."

त्यांच्याबरोबर चालताना मला हा किल्ला हळूहळू कळायला लागला, आणि तो माझ्या कामाच्या भाषेत कळायला लागला. हसू नका. गड बघताना लोकांना घोडे आणि तलवारी दिसतात. मला शिफ्ट दिसतात. हा सरहद्दीवरचा कोट. वर जुन्नर-नगरकडून येणारी वाट, खाली घाटांतून कोकणात उतरणाऱ्या वाटा, आणि मध्ये हा बसलेला. म्हणजे लढाई कधीतरी, चेकिंग मात्र रोज. बैलगाडी आली, थांबव. पोत्यात काय आहे, टोचून बघ. कुणाचा माणूस, कुणाकडं चाललाय, मागच्या वेळी दिसला होता का? सूर्य मावळला की दार बंद. बंद झाल्यावर 'आजच्या दिवस सोडा ना' म्हणणारे तेव्हाही असणारच.

"धान्य कुठं ठेवत असतील?" मी विचारलं.

खंडूबाबांनी काठीनं एक चौथरा दाखवला. "त्ये कोठार आसंल म्हनत्यात. काय म्हाईत. आन् दारू तिकडं लांब. बंदुकीची म्हनतोय मी."

"कळलं, खंडूबाबा."

"न्हाई, परवा एक जन उगाच खूश झाला."

मग आम्ही वाद घालत फिरलो. स्वयंपाकाचा धूर किती ठिकाणांहून निघत असेल, घोड्यांची लीद कोण उचलत असेल, तटाची माती पावसात सुटली की लिंपायला कुणाच्या घरच्या बाया येत असतील. दोन महिन्यांच्या वेढ्यात मीठ संपलं असेल का? खंडूबाबा म्हणाले, मीठ संपलं तर लढाई होते, तंबाखू संपली की फितुरी. आतल्या देवळापाशी सावलीत बसून चटणी-चपाती खाल्ली. खंडूबाबांनी चटणीला तिखट कमी आहे असं सांगून तीन चपात्या संपवल्या. बाबा सगळं ऐकत होते, मध्येच हसतही होते, पण स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना बुरुजाकडं नेलं, गोलाई बघा म्हटलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." पॅटर्न मेकर गोलाईला नुसतं 'छान' म्हणत नाही. मी लहान असताना आमच्या पितळेच्या तांब्याच्या गोलाईवर हे अर्धा तास बोलले होते.

निघताना बाबा खंडूबाबांबरोबर हौदाकडं तोंड धुवायला गेले आणि मी दरवाजात थांबले. आता इथं काय झालं ते नीट ऐका.

मी थांबले म्हणजे ड्यूटीवर थांबते तशी थांबले. आतल्या बाजूला पाठ, तोंड रस्त्याकडं. नवीन गार्ड आली की पहिल्या दिवशी मी तिला हेच शिकवते. आत बघू नकोस, आत साहेब आहेत, ते आपल्याला बघतील, आपण बाहेर बघायचं. आणि उभं राहायचं ते येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नाही. खांबाच्या आड, जिथून रस्ता दिसतो पण आपण आधी दिसत नाही, तिथं. चोर गेटपर्यंत निवांत आला की त्याची चाल खरी दिसते.

एक जोडपं बुलेटवरून आलं. मुलानं मला पाहून विचारलं, "मॅडम, तिकीट किती?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच, "तिकीट नाही. गाडी शेंगांवर घालू नका. हेल्मेट गाडीला अडकवा. आत बाटली टाकायची नाही."

"हो मॅडम," म्हणत दोघं निमूट आत गेली. त्यांना वाट द्यायला मी सवयीनं मागं सरकले. एक पाऊल. रस्ता दिसतोय, मी दिसत नाही, अशी जागा पाय आपोआप शोधत होते. आणखी एक पाऊल. कमानीच्या त्या जाड खांबाच्या आतल्या बाजूला, घाणेरीच्या पडद्यात. आता पाठ भिंतीला टेकेल म्हणून मी भार सोडला. पाठ टेकलीच नाही. मी बसले. म्हणजे पडलेच, पण पडून जिथं पोचले तिथं एक दगडी बैठक होती.

आत येणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. खांब पुढं आलेला, आणि जागा खांबाच्या पाठीमागं, भिंतीत खोल. बाहेर जातानाही वेलींच्या पडद्यामुळं दिसली नसती. सर बिचारे काय करणार? ते पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखे गेले. ज्यानं ती जागा बांधली, त्यानं ती पाहुण्यांना दिसू नये म्हणूनच बांधली होती. माझे गुडघे पोटाशी होते. पाय लांब करायला गेले तर समोरच्या दगडाला लागले.

मी ओरडले. "बाबा! बाबा, इकडं या!"

मी पडले असं वाटून दोघंही धावत आले. धावत म्हणजे त्यांच्या वयाचं धावत. खंडूबाबांनी काठीनं वेली बाजूला केल्या. काही तोडायचं नाही, असा दम मी आतूनच दिला. बाबा वाकून बघत राहिले. मी बाहेर आले. ते आत हात घालून बैठकीवरून फिरवत होते. मधोमध दगड झिजून गुळगुळीत झाला होता. टेपनं त्यांनी रुंदी मोजली, खोली मोजली, मग त्या लबाड पट्टीनं परत मोजली. पुन्हा पहिल्यापासून.

"बसा ना," मी म्हटलं.

"गुडघे..."

"बसा हो."

बाबा हळूहळू, भिंतीला धरून, आत बसले. गुडघे छातीशी. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "वैशाली, बाहेर जाऊन आत ये बरं. चालत."

मी बाहेर गेले आणि आत आले.

"तोंड दिसत नाही," आतून आवाज आला. "नुसते पाय दिसतात. तुझी डाव्या पायाची चप्पल अंगठ्यापाशी सुटलीय, शिवून घे."

मी तिथं दरवाजात उभी राहून रडले. उगाच कशाला लपवू? कारण माझ्या लहानपणापासूनच्या त्या गोष्टीत एक माणूस खरोखर बसला होता आणि तो लोकांच्या चपला बघत होता.

खंडूबाबा स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "लपाछपीत आमी बी हितंच बसायचो. पर पाव्हनं, येक सांगू का? आशा देवड्या समद्याच कोटांच्या दारात आसत्यात. तुमचा मानूस हितंच बसत हुता कशावरनं?"

"कशावरून नाही," बाबा म्हणाले. "पण जागा आहे."

"ती हाय," खंडूबाबांनी मान्य केलं. मग आम्ही दोघांनी मिळून बाबांना बाहेर काढलं, कारण बाबा खरोखरच अडकले होते. पाय झोपले होते. म्हणजे पाय आखडून बसलं की माणूस जागा राहतो पण पाय झोपतात, ही माहिती आमच्या पूर्वजांनी पुढं पोचवली नव्हती. खंडूबाबांनी निघताना ओंजळभर शेंगा पिशवीत टाकल्या.

येताना हायवे नको म्हणून मी मोशीवरून आळंदी रस्ता धरला आणि चऱ्होलीतून आले. लांब पडतं, पण ट्रक कमी. चऱ्होलीत जिकडं बघावं तिकडं मोठाली गृहसंकुलं उठतायत, आणि गंमत बघा, सगळ्यांची गेटं किल्ल्यासारखी. कमानी, बुरूज, बुरुजावर दिवे. एका गेटपाशी बाबा म्हणाले, "थांब." उतरले आणि सरळ गेटवर गेले. तिथला गार्ड उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा.

"कोणाकडं जायचंय काका? फ्लॅट नंबर?"

"कुणाकडं नाही. तू बसतोस कुठं ते बघायचंय."

"हितंच की. खुर्चीला काय बघालाव काका?"

"सावली नाही?"

"चार वाजता येती. बिल्डिंगची." त्यानं खुर्ची पुढं केली. "बसा जरा."

बाबा बसले. पाय लांब करून पाहिले, वर कमानीवरचे खोटे बुरूज पाहिले, आणि म्हणाले, "एवढा दगड लावला, माणसाला भिंतीत जागा नाही ठेवली." गार्ड हसला. आम्ही त्याला शेंगा दिल्या. खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल, पोहे, चहा धरून दोघांचे चारशेसुद्धा झाले नाहीत. एवढ्यात लोणावळ्याला चिक्कीसुद्धा येत नाही.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "स्टूल धर." पेटी माळ्यावरून खाली आली. टेंभेकर सरांना मी फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून, मोठे करून, चार वेळा पाहिले. "मी दोनदा गेलो होतो हो," एवढंच म्हणाले.

किल्ला झाला. मी बापाची लेक म्हणून सांगत नाही, पण तसा किल्ला आमच्या नगरात झाला नव्हता. खंदकात खरं पाणी, लाकडी दरवाजा उघडझाप होणारा, तट शेणमातीनं लिंपलेला. बाजारातून मातीची चित्रं आणली: भालेवाले मावळे, तोफ, घोडेस्वार, डोक्यावर घडा घेतलेली बाई. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस बाजारात मिळत नाही. तो बाबांनी स्वतः शाडूचा केला, करंगळीएवढा, आणि दाराच्या खांबामागं, मापात कोरलेल्या जागेत बसवला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सगळी माणसं किल्ला बघायला जमली. सगळ्यांनी वरून पाहिला, वा वा केलं, फोटो काढले. तो कुणालाच दिसला नाही. मला राहवेना. "बाबा, थोडा पुढं तरी ठेवा त्याला. एवढी मेहनत केलीत, कुणाला पत्ताच नाही."

"मग तो पहारा कसला?" बाबा म्हणाले, आणि खंदकात तरंगणारी पाकळी उचलायला वळले.

तेवढ्यात टेंभेकर सर पाट्या घेऊन आले. महादरवाजा, खंदक, कोठार, पागा. सुंदर अक्षरात, एकेका काडीला चिकटवलेल्या. सगळ्या लावून झाल्या तरी हातात एक पाटी उरली होती, कोरी. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मग, कंबर दुखते म्हणून गेली पाच वर्षं खाली पडलेलं पेनसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावणारे आमचे सर, फरशीवर गुडघे टेकून वाकले. वाकले ते पार गाल फरशीला लागेपर्यंत. एका हातानं मोबाइलचा टॉर्च धरला आणि दारातून आत पाहिलं.

"दिसले," सर तसेच वाकून म्हणाले. "मिस्त्री, नाव काय यांचं? पाटीवर लिहितो."

बाबांनी ओला हात शर्टाला पुसला.

"नाव आमच्यापर्यंत आलंच नाही, सर. बसायची जागा तेवढी आली."

सर तसेच गाल टेकून आत बघत राहिले. मग फरशीवरूनच आवाज आला, "मला उठवा हो कुणीतरी."

बाबांनी हात दिला.